चाकाखालचा दगड

जीप थांबल्याचा आवाज, मग चाकाखाली दगड सारल्याचा, आणि मग यांची पावलं... लोणावळ्यातल्या आमच्या घरात संध्याकाळ अशी यायची. रस्ता वर, घर उताराच्या खाली. त्या दिवशीही जीप आली, दगड सरकला, पावलांना मात्र वेळ लागला. मी अंगणात तांदूळ निवडत होते. हे भिंतीला धरत खाली आले, माझ्याजवळ बसले, "पाणी दे" म्हणाले. तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता दीडेक महिना होईल.

भेटायला येणारे सांगतात, मारुतीभाऊंसारखा जीपचा मेकॅनिक होणे नाही. खरंच आहे, आणि हे तर ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे! नम्रपणा यांना कधी जमलाच नाही. गॅरेजात बिघडलेली गाडी आली की नवरदेवासारखे ताठ होत. म्हणून मला हटकून तो दिवस आठवतो, ज्या दिवशी यांच्याच हाताखालची गाडी यांना न विचारता चालू लागली.

माझं माहेर कुरवंड्याचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लष्कराच्या लिलावातली एक जीप घेतली होती. तिच्यातून आमचं दूध आणि गवत लोणावळ्याला जायचं. जीपमध्ये एक शाफ्ट पुढच्या चाकांना फिरवतो, एक मागच्या. मागच्याचा सांधा गेला, म्हणून यांनी तो शाफ्टच काढून पुण्याला लेथवर पाठवला आणि फोर-व्हीलचा दांडा टाकून जीप नुसत्या पुढच्या चाकांवर चालवत आमच्याकडे आणली. आमच्या लग्नाची बोलणी तेव्हा चालू होती, त्यामुळे अंगात इस्त्रीचा शर्ट! येताना बाजारातून माझ्या आत्यालाही बसवून आणलं. आमचं अंगण चांगलंच उताराचं. यांनी सवयीने फोर-व्हीलचा दांडा मागे घेतला, हँडब्रेक करकचून ओढला आणि खाली उतरले. आमच्याकडे बैलगाडी असो की मोटार, उतारावर चाकाला दगड लावतातच. आबा म्हणाले, "दगड लावा, उतार हाय."

"आबा, माझ्या हाताखालनं गेलेल्या गाडीला दगड? हँडब्रेक हाय की!"

आत्याचे गुडघे दुखायचे. उतरायला कोणी स्टूल आणील म्हणून ती आतच बसून राहिली. इकडे ओसरीवर चहा ओतला आणि तिकडे जीप आत्याला घेऊन निघाली. गाजावाजा न करता खाली गेली आणि पेंढ्याच्या गंजीत घुसली. आत्याला काही लागलं नाही, पण डोक्यावर पेंढा घेऊन तिने आतूनच निकाल दिला, "ज्याला गाडी थांबवाया येत न्हाई, त्याला पोरगी द्यायची न्हाई!" मी दारात उभी होते. हा माणूस मला मनापासून आवडला होता, आणि आता हा पायात चपला घालून निघून जाणार असं मला वाटलं.

पण निघून जातील तर ते हे कसले? इस्त्रीच्या शर्टासकट जीपखाली शिरले. ब्रेकची तार ठीक, लायनर ठीक. माणसांनी ढकलून जीप वर आणली, यांनी ब्रेक ओढला, जीप पुन्हा गंजीत! तिसऱ्यांदा मी न राहवून पुढे गेले आणि वाकून पाहिलं.

"ब्रेकचा ड्रम जागच्या जागी हाय," मी म्हणाले, "आन् चाकं फिरत्यात."

यांच्याशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य. यांनी माझ्याकडे पाहिलं, जीपखाली पाहिलं आणि मोठ्याने हसले. त्या जीपचा हँडब्रेक चाकांना धरतच नाही, मागचा शाफ्ट गिअरबॉक्सला जिथे जोडतात ते तोंड धरतो. शाफ्ट पडला होता पुण्याला! ब्रेक बिचारा जीव खाऊन पकडत होता, पण त्याच्या हातात काहीच नव्हतं. यांनी फोर-व्हीलचा दांडा परत टाकला. आता तीच पकड पुढच्या शाफ्टमधून पुढच्या चाकांपर्यंत पोचली आणि जीप गपगुमान उभी राहिली. मग हे उताराच्या बाजूला, बंपरला पाठ टेकून खाली बसले. "आत्याबाई, बसा परत आत. आन् माजा च्या हितंच आणा."

आत्या बसली, चांगली आदळून बसली. जीप हलली नाही.

आबा हसत म्हणाले, "दोष तर पोरीनं धरला. आता तिलाच इचारा."

"व्हय," मी म्हणून टाकलं. कोणी विचारायच्या आतच!

निघण्याआधी यांनी बांधावरचा एक काळा दगड उचलून चाकाखाली लावला. "आता कशापायी?" आबांनी विचारलं.

"गाडीवर माजा इश्वास हाय, आबा. पर खाली मान्सं बसत्यात."

वरातीत तो दगड आमच्याबरोबर जीपमधून लोणावळ्याला आला. तेव्हापासून शाफ्ट नवा असो की जुना, हे उतरले की आधी दगड.

परवा आमच्या सुरेशने पहिल्यांदा जीप बाहेर काढली. गॅरेज आता तोच बघतो. संध्याकाळी जीप थांबली, हँडब्रेक करकरला आणि पावलं थेट अंगणात आली.

"दगड?" मी विचारलं.

"आई, शाफ्ट मी स्वतः बसवलाय. ब्रेक पक्का आहे."

"ठाऊक आहे रे..."

सूप बाजूला ठेवून मी वर गेले. दोन्ही हातांनी तो दगड चाकाखाली सारला. केवढा जड आहे तो! मला धाप लागली. छातीत इतकं दुखत असताना हे वाकलेच कसे, असं डॉक्टर म्हणाले होते. चाकाजवळ ओणवी असतानाच माझी नजर खाली गेली. तिथून सरळ समोर माझं सूप दिसत होतं, तांदूळ निवडायची माझी रोजची जागा.

मी खाली आले आणि तिथेच बसले.