पाटकऱ्याचे बूट

आमचा मामा म्हणजे एक नग! गावच्या पाटाचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं ते तो ठरवायचा, पाटकरी होता. आणि ठरवायचा कशाने, तर तळपायाने. अनवाणी शेतात उतरायचा, टाच रोवायचा, डोळे मिटायचा. "ह्या मातीत अजून दोन दिवस दम आहे," म्हणायचा की निघाला पुढच्या शेताकडे. कुणी कुरकुर केली तर, "ये, तू ठेव पाय." त्याला नेमलं गावाने, काढायचं तेही गावानेच. भांडणं व्हायची, नाही कशी? पण बांधावरच मिटायची.

माझी आई त्याची धाकटी बहीण. म्हणायची, "दादाची अक्कल सगळी पायात, म्हणून वरचा मजला रिकामा."

मग परक्या सरकारचा अंमल आला आणि पाट सरकारचा झाला. आमची शेतं जन्मात न पाहिलेल्या कुणा कारकुनाने कचेरीत बसून त्यांना नंबर दिले, पाळ्या लावल्या. मामाला ठेवलं, पण खाकी डगला, पाटाच्या दाराची किल्ली आणि काळे बूट देऊन. कामावर बूट काढायचे नाहीत, असा हुकूमच होता.

पहिल्या दिवशी तो बदकासारखा चालत आला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. आई म्हणाली, "अहो सरकार, जपून! पाटात पडाल." तोही हसला. ऐटीत होता हं, खोटं कशाला बोलू?

एकदा सवयीने बूट काढून उतरला आणि नेमका कचेरीचा साहेब घोड्यावरून आला. "पुन्हा असा दिसलास तर घरी बसवीन." त्या दिवसापासून मामाची मान खाली गेली ती गेलीच.

त्या वर्षी ऊन फार तापलं. आमच्या शेताच्या पोटात मुरूम, पाणी ठरत नाही. हे मामाला ठाऊक, कागदाला नाही. ऐन दाणा भरायच्या वेळी पीक माना टाकू लागलं आणि आमची पाळी सहा दिवसांवर. वडील नव्हते. वर्षभराचं खाणं काय ते तेवढंच.

आई पाटावर गेली. मी मागे.

"दादा, दार उघड."

"पाळी मंगळवारी आहे, चिमे."

"पाळी मला नको सांगूस. बूट काढ, शेतात पाय ठेव, मग बोल."

"अर्ज पाठवलाय ना मी. उत्तर येईल."

"अर्जाला तहान लागते का रे?"

तो बुटांकडे बघत राहिला. "पाय ठेवला तर दार उघडावंच लागेल गं," म्हणाला. हात खिशात, किल्लीवर. पलीकडच्या नंबरात पाणी चाललं होतं, तिथे आधीच बेडूक पोहत होते.

मंगळवारी त्याने दार उघडलं, अगदी घड्याळ बघून. पाणी वाळलेल्या ताटांमधून वाहत गेलं.

ते वर्ष आई लोकांच्या शेतात राबली. मामा महिन्याला धान्याचं पोतं आणून ओट्यावर ठेवायचा. आई घ्यायची, पण बोलायची नाही. टोमणासुद्धा नाही, आणि आमच्या घरात टोमणे बंद म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक.

पुढे कितीतरी वर्षांनी नोकरी संपली. बूट कचेरीत परत करून तो तडक आमच्या शेतात आला. अनवाणी. ओल्या मातीत टाच रोवली, डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा.

"काय म्हणते?" आईने विचारलं.

त्याने पाय उचलून पाहिला. पांढराफटक, मऊ, तान्ह्या पोराचा असावा तसा.

"काही कळत नाही गं," म्हणाला. "गार लागतं, एवढंच."