रुखवतातला कुकर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही – कारण यात तिचा भाऊ आहे. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही, म्हणून असेल.

मी पुरवठा खात्यात निरीक्षक आहे. नवा ग्राहक कायदा आला तेव्हा यवतमाळला आम्हाला बसवून शिकवलं. साहेब म्हणाले, आता कायद्याला दात आलेत. जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम घेऊन दुकानात शिरायचं, झडती घ्यायची, माल जप्त करायचा. वर दिल्लीला अहवाल गेला, की विकून झालेला मालसुद्धा लोकांच्या घरातून परत मागवता येतो. मी जोरात टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू – छाती फुगली होती.

मग तो हुकूम खरंच माझ्या हातात आला. नेरकडच्या एका बाईचं कुकरचं झाकण उडून छताला आदळलं होतं. बाई थोडक्यात वाचली. कुकरवर आयएसआयचा शिक्का नाही, व्हॉल्व्ह नुसता शोभेचा. तिनं तक्रार केली. माल निघाला दारव्ह्यातल्या एका भांड्यांच्या दुकानातला – आणि दुकान माझ्या साळ्याचं, प्रमोदचं.

साहेबांना सांगून बाजूला व्हायला हवं होतं. इतकं सोपं होतं. पण आमच्याकडे एक रीत आहे – झडतीच्या आधी दुकानदाराला फोन जातो. शटर पडतं, माल हलतो, मग आम्ही जाऊन रिकाम्या फळ्या बघतो आणि चहा पितो. परक्यांसाठी जे करत आलो, ते घरच्या माणसासाठी करायला कसली लाज? मी फोन केला. मला वाटलं, माल जिथून आणला तिथं परत धाडेल.

"भाऊजी, काहून फिकर करता?" तो म्हणाला. "लगीनसराई हाये. निम्म्या भावात, बिना पावतीचा, बाजाराच्या दिवशी सगळा मोकळा करून टाकतो."

मी फोन ठेवला.

झडतीला गेलो तेव्हा फळ्या लख्ख होत्या. 'आक्षेपार्ह माल आढळला नाही' – असं लिहून दिलं. तेव्हाही खरं लिहिलं असतं, तर ते कुकर घराघरातून परत आले असते. त्यासाठीच तर कायद्याला दात होते! कुंपणच शेत खातं म्हणतात. मी तर खाऊन वर ढेकरही दिला.

त्यानंतर वैशालीचं लग्न झालं. समोरच्या सुमनबाईंची मुलगी, आमच्याच अंगणात खेळून मोठी झालेली. मांडवात रुखवत मांडलं होतं – कुरडयांचा डोंगर, विणलेले रुमाल, आणि मधोमध लाल फीत बांधलेला कुकर. मी लांबूनच ओळखला. तरी जवळ गेलो, उचलून बुड पाहिलं. शिक्का नव्हता.

"तुमच्याच साळ्याच्या दुकानातला हाये, भाऊ," सुमनबाई कौतुकानं म्हणाल्या. "घरचं माणूस म्हणून तिथूनच घेतला."

तेव्हा बोलायला काय लागत होतं? हा वापरू नका – एवढंच. पण बाई विचारणार, काहून? मग प्रमोद, मग फोन, मग माझी नोकरी. हे सगळं मी तिथं उभ्या उभ्या मोजलं, हो, वैशालीच्या चेहऱ्यासकट मोजलं. मग कुकर फितीसकट जागेवर ठेवला, अक्षता टाकल्या आणि पंगतीत बसलो. जिलबी दोनदा मागून घेतली.

दिवाळीच्या आधी पुसदला, सासरच्या स्वयंपाकघरात, तो फुटला. वैशालीचा डावा डोळा गेला. गाल भाजला. ती माहेरी आली ती परत गेलीच नाही. सासरच्यांनी बोलावलंही नाही. सकाळी ती अंगणात पाणी भरते तेव्हा मी मागच्या दारानं ऑफिसला जातो.

एका संध्याकाळी सुमनबाई माझ्याकडे आल्या. फुटकं झाकण जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलं होतं. प्रमोदचं नावही त्यांनी घेतलं नाही, मला वाईट वाटेल म्हणून. म्हणाल्या, ज्यानं बनवला त्याच्यावर तरी काही करता येते का? तुमी कायद्याचे माणूस.

माझ्या तोंडून काय निघालं, सांगतो. मी विचारलं, "पावती आहे का?"

पावती नाही हे मला त्यांच्याही आधीपासून माहीत होतं.

त्यांनी झाकण पुन्हा लुगड्यात बांधलं. "चुकलं भाऊ आमचंच," म्हणाल्या, "पावती घ्यायले पायजे होती."

मी मान हलवली. हो म्हणालो.