सतरा नंबरवर गाय

वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जळगावातल्या आमच्या ऑफिसची खुर्ची माझ्याकडे आली. ऑफिस म्हणजे एक शटर, एक टेबल, पाच प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतभर पसरलेला लेआउटचा नकाशा. विकलेल्या प्लॉटवर लाल टिकली लावायची. टिकल्या कपाळाच्याच, आईच्या पाकिटातल्या. स्टिकरपेक्षा त्या जास्त टिकतात असं वडिलांचं मत.

गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "शेठ नाहीत का?"

"नाहीत. मी आहे."

मग ते बसायचं आणि शेठची वाट बघायचं. मला बोलायला फारसं आवडत नाही, म्हणून मीही त्यांच्यासोबत वाट बघायचे. एक गृहस्थ असे पाऊण तास बसले, चहा प्यायले, उठून गेले आणि वडिलांना फोन करून म्हणाले, पोरगी फार समजूतदार आहे.

त्यात माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. एकोणसाठ म्हणजे नेमके किती हे मला अजूनही मनातल्या मनात मोजावं लागतं. त्यामुळे प्लॉटचं माप मी कॅल्क्युलेटरवर टाकते आणि तो समोरच्याकडे फिरवते. लोकांना वाटतं, काहीतरी गुपित आहे. तेही आवाज खाली आणतात.

अशा ऑफिसात एका गुरुवारी सकाळी एक आक्का आल्या. पाचोऱ्याकडच्या गावातल्या, साठीच्या पुढच्या, हातात कापडी पिशवी. शेठ कुठे आहेत हे त्यांनी विचारलंच नाही. सरळ नकाशापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"टिकली नसलेला कोणता?"

मेहरूणच्या पुढच्या त्या लेआउटमध्ये एकच लहान प्लॉट उरला होता, सतरा नंबर. मी बोट ठेवलं.

"मग तो मना, माझ्या नावाचा," आक्का म्हणाल्या. "फक्त गाय बसली पायजे."

मी कॅल्क्युलेटर खाली ठेवला.

त्यांनी सांगितलं ते असं. नवरा गेलेला, शेत रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं. दोन मुलगे पुण्याला. आईने पुण्याला येऊन राहावं असं दोघांचं म्हणणं, आणि येत्या रविवारी ते गाडी घेऊन न्यायला येणार होते. आक्का पुण्याला दोन महिने राहून आल्या होत्या. "घर चांगलं शे," त्या म्हणाल्या, "पन पंखा लावायचा तर मी सुनेला इचारते. तिने कधी नाही म्हटलं नाही. पन इचारते." त्यांना जळगावात दोन खोल्या हव्या होत्या, स्वतःच्या नावावर. बहीण इथेच राहते, डोळ्यांचा डॉक्टर इथला.

"मग गाय?"

"माझा बाप गाय बसल्याशिवाय जमीन घेत नव्हता. मोकळी सोडायची. जिथे बसून रवंथ करेल ती जागा चांगली. हे पोरांना म्या लहानपणी सांगितलेलं. आता मोठा फोनवर काय म्हणतो, आई, आजोबांसारखी गाय बसव. बसली तर घे, आम्ही एक शब्द बोलणार नाही. नाही बसली तर गाडीत बस." त्या थोडं हसल्या. "मनं कोनी आयकत नही. गायनं आयकतस."

मुलाने टाळण्यासाठी काढलेली ती सबब होती, हे मला कळलं आणि आक्कांनाही कळलेलं होतं. पण शब्द दिला गेला होता. फोटो पाठवायचा असंही ठरलं होतं.

लेआउटच्या शेजारी एका आबांचा गोठा होता. आबांना मी काय विचारावं याची बराच वेळ मनात जुळवाजुळव केली आणि शेवटी म्हणाले, "आबा, तुमची गाय जरा मिळेल का?"

"किती वेळ?"

"बसेपर्यंत."

आबांना यात काहीच वेगळं वाटलं नाही. "कपिला देतो. ती बसकी शे," ते म्हणाले आणि गाय सोडून आणली.

सकाळचे अकरा वाजत होते. कपिला सतरा नंबरवर उभी राहिली, एक दगड हुंगला, चालत कडुनिंबाच्या पलीकडे गेली आणि अठरा नंबरच्या बरोब्बर मध्ये बसली. डोळे अर्धे मिटून रवंथ करू लागली.

"बसनी!" आबा ओरडले.

"आबा, तो अठरा आहे."

"मग? जमीन तर तीच शे ना."

"तो विकलाय. धुळ्याच्या सरांचा आहे."

आबांनी तिला उठवलं, सतरावर आणलं. ती परत अठरावर गेली. असं चारदा झालं. पाचव्यांदा आबा स्वतः सतरावर उकिडवे बसले आणि तिला बोलावू लागले. कपिलाने त्यांच्याकडे बघितलं आणि अठरावर बसली. आक्कांनी पिशवीतून हळदीकुंकू काढलं, गायीला लावलं, तिच्यापुढच्या जमिनीला लावलं. ती जमीन धुळ्याच्या सरांची होती. मी फोटो काढला, कारण दुसरं काय करावं सुचेना.

घरी वडील उशांवर पाय ठेवून पडले होते.

"मग सरांना सतरा दे, आक्कांना अठरा दे. दोन्ही सारखेच," ते म्हणाले. "पण फोनवर बोलू नको. फोनवर माणूस नाही म्हणतो. समोर गेलं की चहा देतो, मग त्याला नाही म्हणता येत नाही."

"मी जाऊ?"

"माझा पाय बघ."

शुक्रवारी मी धुळ्याच्या एसटीत बसले. एरंडोल, पारोळा, सगळी वाट मी एकच वाक्य मनात घोळवत होते. सर, एक छोटीशी विनंती होती. त्याच्या पुढचं वाक्य 'गाय' या शब्दापाशी येऊन मोडायचं.

सर देवपुरात राहतात. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. शाळाशाळांत जाऊन अंधश्रद्धेवर प्रयोग करून दाखवतात, नारळातून धूर काढतात, जिभेवर कापूर जाळतात. हे आठवून मला बरं वाटलं. अशा माणसाला गाय कुठे बसली याचं काय?

चहा आला. मी वाक्य म्हटलं. पुढचंही म्हटलं.

सर मोठ्याने हसले. "अरे वा! गाय! ऐकलं का गं," त्यांनी आत हाक मारली, "आपल्या प्लॉटवर गाय बसली म्हणे."

बाई हात पुसत बाहेर आल्या. "आपल्याच?"

"आपल्याच. शेजारी सोडली होती, उठून आपल्याकडे आली."

"किती वेळा?" बाईंनी मला विचारलं.

"पाच."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"बेटा," सर म्हणाले, "मी हे काही मानत नाही. गाय हा एक प्राणी आहे. तिला भूगर्भातलं काय कळणार?"

"म्हणूनच सर, तुम्हाला सतरा चालेल असं वाटलं. रस्ता तोच आहे, मापही तेच."

"फोटो आहे का?"

मी फोटो दाखवला. सरांनी चष्मा वर केला, दोन बोटांनी गाय मोठी केली.

"तोंड कुठे आहे तिचं?"

"झाडाकडे. म्हणजे पूर्वेला."

"पूर्वेला," सर बाईंना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मी मानत नाही. मुळीच नाही. पण प्लॉट मी काही बदलणार नाही."

"का सर?"

"कशाला बदलू? मी मानतच नाही, तर गायीसाठी प्लॉट बदलणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणं झालं."

मी चहा संपवला. निघताना बाईंनी मला दारात गाठलं आणि तो फोटो त्यांच्या फोनवर पाठवायला सांगितलं. "यांना सांगू नका," त्या कुजबुजल्या. मी आत पाहिलं तर सर दिनदर्शिकेत काहीतरी शोधत होते.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. मी तो फोटो परत उघडला आणि पारोळा येईपर्यंत बघत राहिले. गाय, कुंकू, आबांची चप्पल. आणि गायीच्या खाली, तिच्याहून थोडी मोठी, झाडाची सावली.

कडुनिंब सतरा आणि अठराच्या मधोमध आहे. सकाळी त्याची सावली अठरावर पडते. दुपारनंतर ती सतरावर येणार. हे सुचायला मला एक दिवस आणि धुळ्याची एक फेरी लागली.

सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. चार वाजता गाय आणायची, ती बसणार, फोटो जाणार, आक्कांना घर मिळणार. पण हे मी आक्कांना सांगायचं की नाही? न सांगता चारची वेळ दिली तर मी त्यांना फसवणार. सांगितलं तर त्या म्हणतील, मग यात गायीचं काय उरलं, आणि रविवारी गाडीत बसतील. जळगाव आलं तरी माझं ठरलं नव्हतं. मी आक्कांना फोन केला आणि एवढंच म्हणाले, "सर नाही म्हणाले. उद्या दुपारी चारला या, परत एकदा बघू."

शनिवारी चारला सावली सतरावर पुरती पसरली होती. आबा कपिलाला घेऊन आले होते. त्यांनी तिला सकाळपासून बसू दिलं नव्हतं. "पाय दुखत असतील तर बसीच," हा त्यांचा हिशेब. आक्का झाडाखाली येऊन उभ्या राहिल्या, खाली बघितलं, वर बघितलं, मग माझ्याकडे.

"सावली इकडे आली, नही का?"

मी पकडले गेले. "हो," म्हणाले.

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही नको म्हणाल असं वाटलं."

"पोरी, म्या आयुष्यभर गुरं राखली. गाय सावलीत बसते हे मला तू सांगशील?" त्या रागावलेल्या नव्हत्या. "गुरवारीच दिसलं मला. म्हटलं, बघू, नाही बसली तर जाऊ पुण्याला. कंटाळली होती मी भांडून."

पण कपिला बसली नाही. सावलीच्या मधोमध चारही पाय रोवून ती उभी राहिली. आबांनी गळा खाजवला, चारा टाकला, "बस माय, बस" म्हणून विनवलं. ती उभ्या उभ्या चारा खाऊ लागली. अर्धा तास गेला.

"काल बठ्ठा दिवस बसेल व्हती," आबा म्हणाले, "आज तिले काय व्हयनं कोन जाने."

तेवढ्यात मोठ्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. आक्कांनी फोन माझ्या हातात दिला. स्क्रीनवर तो सोफ्यावर बसलेला दिसला, मागे बायको कपडे बॅगेत भरत होती.

"आई, बसली का गाय?"

मी फोन गायीच्या तोंडाशी नेला. फक्त तोंड, शिंगं आणि शेजारी आक्का, एवढंच त्याला दिसत असणार. रवंथ चालू होतं. बसलेली गाय आणि उभी गाय तोंडावरून सारख्याच दिसतात. मी एक अक्षरही बोलले नव्हते, तरी खोटं सगळं माझ्याच हातात होतं.

"अरे, बसलेली दिसते," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज पडला. "खरंच बसली?"

आक्का गायीकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "खाली धर फोन."

"आक्का..."

"धर खाली. पाय दिसू दे."

मी फोन खाली नेला. कपिलाचे चार पाय, सरळ, चिखल लागलेले.

"उभी शे," आक्का म्हणाल्या. "परवापासून सतरावर एकदाही बसनी नही."

"मग ठरलं ना आई. उद्या आम्ही..."

"मी हाई जागा लेस. घेतेच."

मी फोन आक्कांकडे वळवला. तिकडे बॅग भरणं थांबलं.

"अगं, पण गाय बसली नाही ना?"

"गायले कोठे ऱ्हायचं शे इथं?" आक्का म्हणाल्या. "ऱ्हायचं माले शे. उद्या येशात तर या, जेवून जा. बहिनीकडे करू सैपाक. मनी बॅग गाडीत ठेवू नका."

मुलगा काहीतरी बोलू लागला. मध्येच त्याची बायको पुढे आली, तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आक्कांकडे बघून मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते मला नीट दिसलं नाही. मुलगा अजून बोलतच होता.

आक्कांनी फोन माझ्याकडून घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत माझ्यापुढे केला.

"हा बंद कुठून करतात?"

मी लाल बटण दाखवलं. दाबलं त्यांनीच.