तीच गाणी, त्याच क्रमानं

माझा मधला मुलगा जासईला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर आहे आणि सुट्टीच्या दिवशी ड्रम बडवतो. त्याच्या बँडमध्ये चौघे आहेत. कॉलेजात असताना जमले. आता सगळ्यांची पोटं सुटली, गाणाऱ्याला टक्कल पडलं, पण काळे टी-शर्ट काही सुटले नाहीत. त्यांच्या गाण्याला मेटल म्हणतात. करंजाड्याच्या आमच्या घरात खालच्या खोलीत पूर्वी भाताची पोती असायची, आता हे असतात. मी शेजारी स्वयंपाकघरात असते. गाणी इंग्रजी असूनही मला पाठ झाली आहेत. अर्थ विचारू नका.

पाठ होणारच. इतकी वर्षं तीच गाणी आणि तोच क्रम. एकदा मी मुलाला विचारलं, "दुसरी येत नायत का रं तुमाला?"

"येतात की."

"मंग ती वाजवा. लोकं कंटालली असतील."

"आये, तू धवलं बदललंस का कदी?"

मी धवलारीण. आमच्या आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं ठरलेलं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ते म्हणायला जाणत्या बाईला बोलावतात. मी म्हटलं, "धवल्यानं लगीन लागतं. तुमच्या गोंगाटानं काय लागतं?"

"शेजाऱ्यांची वाट."

मग त्यानं मला नीट सांगितलं. दोन वेगवान गाण्यांनंतर एक संथ असतं, ते त्याच्या खांद्यांसाठी. काही गाण्यांना गिटारच्या तारा सैल करतात, म्हणून ती गाणी एकापाठोपाठ घेतात. दिव्यांचा माणूसही त्याच क्रमानं बटणं दाबतो. मोबाईलवर त्यानं परदेशातले म्हातारे दाखवले. पांढऱ्या दाढ्या, समोर समुद्राएवढी गर्दी, आणि तेही दर वेळी तीच गाणी वाजवतात म्हणे. मला ते आळशी वाटले.

गेल्या वर्षी गाणाऱ्याला मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, पण शब्द निसटायला लागले. चहा हवा असला की कपाकडे बोट दाखवायचा. त्याच्या बायकोनं मला सांगितलं, "मावशी, दवाखान्यात रडला नाय. बँडमधून काढतील का, येवढंच इचारत होता." तशा अवस्थेत तो सरावाला आला. मी दारात उभी राहिले. पहिलं गाणं सुरू झालं आणि हा माणूस एकही शब्द न गाळता शेवटच्या गाण्यापर्यंत गात गेला. मग घाम पुसला आणि कपाकडे बोट दाखवलं.

मी चहा टाकला. मला ते नवल वाटलं नाही. मला कुणी मधलाच धवला म्हणायला सांगितलं तर तोंड बंद पडतं. पहिल्यापासून धरलं की एकाची शेपटी दुसऱ्याला ओढून आणते.

त्यानंतर खांदा कॉलनीतल्या मैदानावरचा कार्यक्रम ठरला. भरवणारा पोरसवदा होता. सराव चालू असताना घरी येऊन म्हणाला, "काका, तुमची गाणी लोकांनी खूपदा ऐकलीत. या वेळी उलटंपालटं करा ना. मग सगळ्यांत शेवटी वाजवायचा मान तुमचाच."

मुलगा काही बोलायच्या आत गाणारा म्हणाला, "करू." त्याला आपण आजारी दिसायचं नव्हतं.

नव्या क्रमानं सराव लागला. मी बोंबील साफ करत होते. पहिलं गाणं झालं, दुसऱ्याचं वाजणं सुरू झालं आणि गाणाऱ्याचे शब्द आलेच नाहीत. बाकीचे वाजवत राहिले, मग थांबले. मी डोकावले. तो माईक धरून भिंतीकडे बघत होता. माझ्या मुलानं फक्त काठ्या उचलल्या आणि जुन्या क्रमात या गाण्याच्या आधी जे गाणं असतं, त्याचा शेवटचा ठोका वाजवला. गाणारा वळला आणि तोंडातून शब्द आले. मुलाला मी पोटात वाढवलं, पण त्या दिवशी तो मला आवडला.

संध्याकाळी त्यानं भरवणाऱ्याला फोन केला. "आमी हीच गानी वाजवनार, अशीच. शेवटचा मान दुसऱ्याला दे."

दिला. यांना दुपारची वेळ मिळाली, रणरणत्या उन्हात. मी कानात कापूस घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. समोर गर्दी बेताची होती. काळ्या टी-शर्टातले पोट सुटलेले बापे आणि त्यांची पोरं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. एका ठिकाणी मात्र गाणारा अडला. माझा मुलगा ठोका द्यायला वाकला, पण त्याच्या आधी समोरच्या लोकांनीच पुढची ओळ धरली. त्यांनाही क्रम पाठ होता. एवढी वर्षं तेच ऐकून ते कंटाळले नव्हते, तयार झाले होते. गाणाऱ्यानं त्यांच्या तोंडून ती ओळ घेतली आणि पुढे गेला. अडला होता हे त्यांच्यातल्या अर्ध्यांना कळलंही नसेल.

उतरल्यावर तो माझ्याकडे पाणी प्यायला आला. टी-शर्ट पिळण्यासारखा भिजला होता.

"मावशी, कसं झालं?"

"मागल्या वेलेसारखंच," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली आणि अख्खी बाटली संपवली.