धुण्याच्या दगडाची उंची

निजामपुऱ्यातली आमची सोसायटी एका फेब्रुवारीत सतरा सेंटीमीटर खचली. निदान तसं मी सेक्रेटरींना लेखी कळवलं होतं.

मी इंजिनीअरिंग कॉलेजात सर्व्हेइंग शिकवायचो. एकतीस वर्षं शिकवलं आणि त्यातली तीस वर्षं पहिल्या तासाला एकच गोष्ट सांगितली, परमारच्या लारीची, म्हणजे हातगाडीची. परमार नावाचा एक विद्यार्थी सर्व्हे कॅम्पला आला. आता उंची मोजायची म्हणजे आधी एक पक्की, न हलणारी जागा ठरवावी लागते. तिला म्हणायचं बेंचमार्क. बाकी सगळ्या उंच्या तिच्यावरून. या पठ्ठ्यानं तांबडा रंग घेतला आणि खूण केली एका इस्त्रीवाल्याच्या लारीवर. दुपारी इस्त्रीवाला लारीसकट जेवायला घरी गेला. वर्ग खो खो हसायचा. मग मी गंभीर होऊन म्हणायचो, "बेंचमार्क अशा वस्तूवर घ्या, जी तुमच्या जन्माआधीपासून हललेली नाही." (परमारला मी त्या कॅम्पात नापास केलं होतं. हेही सांगायचो, चवीनं.)

माझी मुलगी मुक्ता त्याच वाटेनं गेली. शेवटच्या वर्षाला तिनं आणि तिची मैत्रीण जिनल हिनं प्रोजेक्ट घेतला तो आमच्याच सोसायटीचा. पावसाळ्यात आमच्या गेटाशी तळं साचतं, तर पाणी काढायला गटाराचा उतार कुठून कुठे द्यावा हे मोजून सांगायचं. मकरपुऱ्यातल्या एका कंपनीनं मुक्ताला नोकरी देऊ केली होती, पण अट एकच, मे महिन्यात सगळं पास पाहिजे. म्हणजे प्रोजेक्ट अडला की नोकरी गेली.

"बाबा, तुम्ही मध्ये पडायचं नाही हं," मुक्तानं पहिल्याच दिवशी बजावलं.

"छे छे. मी फक्त बेंचमार्क ठरवून देतो."

अंगणात आमचा धुण्याचा दगड आहे. काळा, दणकट, घर बांधलं तेव्हा मांडलेला. मुक्ताच्या जन्माआधीपासूनचा. मी स्वतः त्यावर तांबडा बाण काढला. ही उंची शंभर मीटर धरा म्हटलं. पोरींनी तिथून मोजत मोजत अर्धी सोसायटी केली, गेटाजवळच्या गटाराच्या झाकणापर्यंत. मग उत्तराण, म्हणजे आपली संक्रांत, आली आणि दोघी पतंगांना गच्चीवर गेल्या त्या तीन दिवस खाली उतरल्याच नाहीत.

सुट्टी संपल्यावर पुन्हा दगडापासून सुरुवात करून राहिलेली अर्धी सोसायटी, मागच्या गल्लीनं, पुन्हा त्याच झाकणापर्यंत. दोन्हीकडून झाकणाची उंची एकच यायला हवी. ती आली सतरा सेंटीमीटर कमी.

"सर, आ शुं थयुं?" जिनल रडकुंडीला आली. "बराबर वाचलं होतं मी."

मी मध्ये पडलो.

आधी दोष यंत्राला दिला. भर गल्लीत यंत्राची तपासणी मांडली, दोन्ही बाजूंच्या स्कूटर थांबवल्या, भाजीवाल्या बाईंना पाटीसकट अर्धा तास ओट्यावर बसवलं. यंत्र निर्दोष निघालं. मग दोष दिला जिनलला. ती उंचीची पट्टी तिरकी धरते म्हणून तिला तिच्या वडिलांसारखं बोललो. बिचारी "जी सर" म्हणत राहिली. मग पट्टी स्वतः धरली आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं पुन्हा मोजायला लावलं. आता तर कमाल झाली. जिथे जिथे पट्टी ठेवली तिथे तिथे सतरा सेंटीमीटर कमी. गेट सतरा खाली, बाग सतरा खाली, रसिकभाईंची पायरी सतरा खाली.

तीन रात्री विचार करून (झोपेत, पण केला) मी निष्कर्ष काढला. जमीन खचली आहे.

"सगळी? सारखी?" मुक्ता म्हणाली. "बाबा, असं कसं होईल? आणि एकटं आपलंच घर जागेवर?"

"आपला पाया मी बघून घेतला होता."

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी एकतीस वर्षं मुलांकडे टाकत आलो होतो. मी ती ओळखलीही, आणि दुर्लक्ष केलं.

रसिकभाई आमचे सेक्रेटरी. त्यांना मी सहीनिशी पत्र दिलं. त्याच संध्याकाळी बागेत मीटिंग भरली. रसिकभाईंनी पत्र वाचलं आणि बघता बघता घरोघरी तडे सापडायला लागले. कुणाच्या मोरीत तडा, कुणाच्या देवघरात तडा. एक काकू म्हणाल्या, त्यांना हल्ली चालताना तोल गेल्यासारखं होतं ते यामुळेच. रसिकभाईंच्या स्वयंपाकघरातला तडा मी वीस वर्षं पाहत आलो होतो, पण त्या दिवशी तो त्यांनाही नवा वाटला. एका कुटुंबानं तर सुरतेच्या मामांकडे जायला बॅगा भरल्या. माझ्या शब्दाला सोसायटीत एवढा मान आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मुक्ता मात्र सुकून गेली होती. शनिवारी बाहेरचे परीक्षक जागेवर येऊन प्रोजेक्ट तपासणार होते. शुक्रवारी ती जेवलीच नाही. "बाबा, खचलं असं लिहिलं आणि ते चुकीचं निघालं तर माझं वर्ष गेलं. लिहू का?" मी म्हटलं, लिही. बापाच्या भरवशावर लिही.

शनिवारी सकाळी परीक्षक आले. गेट उघडून आत आलेला माणूस मी नीट निरखला. केस पिकले होते, पण कान तेच होते. परमार.

"सर, मजामां?" त्यानं वाकून नमस्कार केला. आता एका कॉलेजात विभागप्रमुख होता. मी त्याला दहा मिनिटं जमीन खचण्याची कारणं समजावून सांगितली. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि मुक्ताकडे वळला. "बेटा, तू काय म्हणतेस?"

मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सर, बाबा म्हणतात जमीन खचली, पण मला ते पटत नाही. म्हणून रिपोर्टात मी तसं लिहिलेलं नाही. मला बेंचमार्कचीच शंका आहे."

"काय?" मी ओरडलो. "तो दगड तुझ्या जन्माआधीपासून हललेला नाही."

तेवढ्यात माझी बायको सुनंदा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "कुठला दगड, हा?" ती म्हणाली. "अहो, उत्तराणीच्या दुसऱ्या दिवशी तुम्हीच नाही का कडियाला बोलावून खाली विटा घातल्यात?"

घातल्या होत्या. सुनंदाचे गुडघे दुखायचे. खाली वाकून धुवायला होत नाही, दगड जरा वर उचलून घ्या, असं ती सहा वर्षं सांगत होती. त्या दिवशी सगळे गच्चीवर होते. मला एकदम वाईट वाटलं, म्हणून शेजारच्या बांधकामावरच्या कडियाला, म्हणजे गवंड्याला, आणलं आणि तासाभरात काम उरकलं. ती इतकी खूश झाली होती, आणि मीही. दगड उचलताना मी नवरा होतो. त्या नवऱ्यानं सर्व्हेइंगच्या मास्तरला काही कळवलंच नाही.

परमार गुडघ्यावर बसला. खिशातून टेप काढली. दोन विटा आणि सिमेंट.

"सत्तर," तो गुजरातीत पुटपुटला, आणि मग माझ्या सोयीसाठी मराठीत, "सतरा."

कुणी हसलं नाही. मला वाटत होतं कुणीतरी हसावं. परमारनं टेप गुंडाळली, चहाचा कप घेतला, एक घोट घेतला आणि अगदी आदरानं म्हणाला, "सर, मारी लारीने तो पैडां हतां."

त्याच्या लारीला निदान चाकं होती.

मुक्ताला त्यानं उत्तम मार्क दिले. बापाचं म्हणणं खोडायचं धाडस नोकरीत उपयोगी पडेल, असं तो म्हणाला. जिनलची मी माफी मागितली. ती म्हणाली "कंई वांधो नहीं सर", आणि मग गच्चीवर जाऊन मुक्ताबरोबर इतकी हसली की खाली ऐकू आलं. रसिकभाईंना दुसरं पत्र लिहावं लागलं. सुरतेला गेलेले लोक परत आले, पण त्या काकूंचा तोल अजून जातो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मुक्ता मोठमोठे पूल मोजते. फोनवर कधी अडलेलं विचारते, आणि उत्तर ऐकून झालं की "बाबा, नक्की ना?" म्हणते. घर सुनं वाटतं. तांबडा रंग, पट्टी, उन्हातली पोरं, सगळ्याची आठवण येते. घरात धुण्याचं मशीन आलं, पण दगड मी काढू दिलेला नाही.

मागच्या महिन्यात परमारचा फोन आला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना घेऊन येऊ का म्हणाला, प्रोजेक्ट सुरू करण्याआधी त्यांना काहीतरी दाखवायचं आहे. माझा ऊर भरून आला. मी नवा झब्बा घातला, अंगणात खुर्ची टाकली, चार शब्दही ठरवून ठेवले. वीस-बावीस मुलं रांगेनं आत आली. परमार हळू आवाजात म्हणाला, "नमस्कार करा आणि नीट बघून घ्या." मी आशीर्वादाला हात वर केला.

मुलं माझ्या शेजारून पुढे गेली आणि विटा मोजायला वाकली.