चाळीस दिवसांचं पाणी

फुंकर घातलेल्या पाण्याने फिट थांबते का? वाचकहो, तुमचं उत्तर तयार असेल. माझंही होतं. शेगावहून सकाळच्या एस.टी.त बसलो तेव्हा ते माझ्या पिशवीत छापलेलं होतं: बुवाबाजीविरुद्धची शंभर पत्रकं.

वरवट बकालला सलीमचाचा रिक्षा घेऊन आले. माझ्या वडिलांचे जुने स्नेही. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या बायकोला, नूरजहाँचाचींना, चुलीसमोर फिट आली आणि हात भाजला; त्या फुंकरीचं पाणी घेत होत्या असंही कळलं, म्हणून मी निघालो होतो. त्यांचं गाव तिथून आत. दोन्ही बाजूंना कपाशी, मधे काळ्या मातीचा रस्ता. रिक्षा चिखलात रुतली.

"शंभर कागद हायेत न? दे बे दहा, चाकाखाली टाकू," चाचा म्हणाले. मी हसलो नाही. ढकलता ढकलता माझी एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच.

चाचींच्या उजव्या हाताला पट्टी होती. डाव्या हाताने त्यांनी भाकर आणि ठेचा वाढला. जेवताना सगळं कळलं. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांची त्यांना भीती वाटे. गोळ्या कोनाड्यातच पडून राहत. मग हाफिजजींकडून (कुराण मुखोद्गत असलेले) दम केलेलं, म्हणजे कुराणातल्या आयती पढून फुंकर घातलेलं पाणी आणलं. त्या पाण्यासोबत गोळी घेऊ लागल्या. चाळीस दिवस एकही फिट नाही. मग गोळ्या पुन्हा कोनाड्यात.

"मंग बंद काऊन केल्या?" मी विचारलं.

"चाळीस दिवसांचं पाणी होतं. ते सरलं. मंग गोया कायच्यासंग घेऊ?" चाची म्हणाल्या.

माझं डोकं तापलं. अनवाणीच मशिदीकडे निघालो. चाचा-चाची मागून आले. हाफिजजी ओट्यावर बसले होते. मी पत्रक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. मग चाचींचा हात पाहिला आणि गोळ्यांचं ऐकलं.

"मले वाटलं, गोया चालूच असतीन. इचारलं नाही. चूक माझी हाय," ते म्हणाले. मग पत्रक माझ्याकडे वळवून: "पण बेटा, याच्यात हिच्यासाठी एक ओळ दाखव. गोई सोडू नोको, एवढी तरी."

ती ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी चौघे दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पहिली गोळी तळहातावर घेऊन चाची हाफिजजींकडे पाहत राहिल्या. हाफिजजींनी पाणी द्यायला नकार द्यावा, असं मला आतून वाटत होतं. पण मी आड आलो नाही. त्यांनी पाण्याच्या बाटलीवर पढून फुंकर घातली.

"आता दिवस मोजू नोको. डॉक्टर बंद म्हणत नाही तोवर गोई. पाणी मी देतो."

चाचींनी गोळी गिळली.

परतीच्या एस.टी.त गठ्ठा मांडीवर होता. फिट गोळीनेच थांबते, हे मी आजही म्हणतो. गोळी सोडायला लावणाऱ्याशी उद्याही भांडेन. पण चाचींच्या घशाखाली ती गोळी त्या पाण्यानेच उतरली, हेही मी पाहिलं आहे. प्रत्येक पत्रकाच्या मागे पेनने हाफिजजींची ओळ लिहीत शेगाव गाठलं.

तुमच्या गावात कुणी दम करत असेल, ताबीज देत असेल, तर या आठवड्यात त्यांच्याकडे जा. वाद घालू नका. पाणी देताना एवढं एक वाक्य म्हणायला त्यांना सांगा: गोळी डॉक्टर बंद म्हणेपर्यंत.