मधल्या खोलीत बांधलेलं इंजिन

ते गाडीने गेले नाहीत. लिव्हरच्या आजाराने गेले.

दारूला कधी शिवले नव्हते, हेही लिहून ठेवते. वर्षभर लोक दोन्ही गोष्टी विचारतायत.

आज दिलीपरावांना जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे मिस्टर साखर कारखान्यात फिटर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घर आष्टीकडच्या कडा गावाजवळ.

एका वर्षी मोठा दुष्काळ पडला, गाळपाला ऊसच उरला नाही. होता तो चारा छावणीत जनावरांपुढे गेला. बॉयलर पेटला नाही, माणसं घरी बसली.

हे बसणाऱ्यांतले नव्हते. पुण्याहून टेम्पोत घालून एक गाडी आणली. छोटी, लाल, टर्बोची. गाड्यांच्या शर्यतीत, रॅलीत, उलटलेली. पुढची चाकं आत वळलेली, इंजिन जाम.

गल्लीत टँकरची लाईन आणि आमच्या दारात हे. बाया माझ्याकडे बघायच्या, मी माझ्या हंड्याकडे.

मी लई भांडले. असल्या दिवसांत खेळणं कशाला, म्हणाले.

"मंगल, हात रिकामे राहिले की मला झोप लागत न्हाई," एवढंच बोलले.



इंजिन धुळीत उघडून चालत नाही. आणि त्या वर्षी धुळीशिवाय गावात दुसरं काही नव्हतं.

मग मधली खोली रिकामी केली. दाराखिडक्यांना ओल्या चादरी. चादरीतून गळलेलं पाणी बादलीत, बादलीतलं परत चादरीवर. इंजिनचा मुख्य दांडा, क्रँक, माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून कॉटवर. आम्ही दोघं खाली सतरंजीवर.

आष्टीचे लेथवाले रफिकभाई, यांचे जुने दोस्त. ते बघून म्हणाले, "क्यों बे दिलीप, भाभी जमीन पे और लोहा पलंग पे?"

खूप दिवसांनी आम्ही तिघं हसलो.

मग तो उन्हाळ्यातला रविवार.

पुढच्या शॉकअपवर स्प्रिंग दाबून बसवायची होती. रॅलीची स्प्रिंग, साध्या गाडीपेक्षा कितीतरी कडक. ती दाबायला यांनी आटे असलेले दोन रॉड करून घेतले होते, टोकांना हुक. दोन्ही बाजूंनी पाना फिरवायचा, तशी स्प्रिंग आखडत जाते.

एका बाजूला ते, एका बाजूला मी.

स्प्रिंग पूर्ण दाबली. वरची प्लेट बसवायला ते वाकले. स्प्रिंगचं तोंड बरोबर त्यांच्या कपाळासमोर.

आणि माझ्या बाजूचा हुक सरकला. थोडासाच.

त्यांना तो दिसत नव्हता.

"हलू नका," मी म्हणाले.

"काय झालं?"

"माझ्याकडचा हुक सरकलाय."

त्यांचा तसा चेहरा मी पुन्हा पाहिला तो थेट लिव्हरचा रिपोर्ट आला त्या दिवशी.

अंग चोरून ते बाजूला झाले. मला म्हणाले, तू बाहेर जा. पण रॉड पिळलेला होता. मी पाना सोडला असता तर हुक तिथंच निघाला असता. तसं सांगितलं.

ते उठले. गाडी ओढायची साखळी आणली आणि स्प्रिंगच्या वेढ्यांतून एकेक कडी ओवायला लागले. 

बाहेर टँकर आला. "मंगलवहिनी, तुमचा नंबर!" शेजारची हाका मारत होती.

दोघांपैकी कुणी ओ दिली नाही.

साखळीला बोल्ट मारला. मला पाना सोडायला लावून झटक्यात मागं ओढलं. हुक तेवढ्यापुरता टिकला. मग स्वतःच्या बाजूचा पाना लांबून, हळूहळू सैल करत गेले.

माझ्या बाजूचा हुक सुटला.

आवाज असा झाला की शेजारी पळत आले. शहाबादी फरशीचा टवका उडून भिंतीवर आदळला. स्प्रिंग साखळीतच अडकून राहिली.

मी तिथंच बसले. हे माझ्या बाजूला येऊन टेकले.

म्हणाले, गाडी भंगारात घालतो.

मी म्हणाले, "आता न्हाई. अर्धवट ठेवायची न्हाई. पण आधी बाजारातलं नीट हत्यार आणा."

टँकर गेला होता. संध्याकाळी शेजारणीने दोन हंडे दिले.

रफिकभाईंनी नगरच्या गॅरेजमधून खरं हत्यार मागून आणलं. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा गपचूप बसल्या. इंजिन चढलं.

पहिल्यांदा चावी फिरवली तर ऑइलचा लाल दिवा विझेना. यांनी झटक्यात बंद केलं. आणखी थोडं चाललं असतं तर सगळी मेहनत आतल्या आत घासून गेली असती. पंप खोलला, ऑइल भरलं, परत बसवला.

दुसऱ्या वेळी दिवा विझला.

कारखान्याचा भोंगा बंद पडल्यापासून गावाने टँकरशिवाय मशीनचा आवाज ऐकला नव्हता. गल्ली नुसती दारात येऊन उभी राहिली.

आणि चालवायची वेळ आली तेव्हा यांनी चावी माझ्या हातात दिली.

"कावून? मी कावून?"

"मी आत बसलो तर मला पुढचा आवाज ऐकू येणार न्हाई. तू चालव, मी रस्त्यावर उभा राहतो."

मी तोवर फक्त दिरांची जीप चालवलेली. आष्टी रोडला तिसऱ्या गिअरमध्ये टर्बोने असा धक्का दिला की पाठ सीटला चिकटली. आरशात हे रस्त्याच्या कडेला, मान खाली घालून ऐकत उभे.

ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. कुठंही ओढली नाही.

मी गाडी वळवून परत आले. "डावीकडच्या चाकाचा एक रबरी बुश बोलतोय," हे म्हणाले. "बाकी झकास."

मग खिडकीवर हात ठेवून विचारलं, "तुला कसं वाटलं?"

त्या अख्ख्या वर्षात मला हे कुणी विचारलं नव्हतं. 

पुढं पाऊस झाला, कारखान्याचा बॉयलर पेटला. नगरकडे एका छोट्या रॅलीत ते उतरले. नंबर मधलाच आला, पण घरी आले ते शीळ घालत. गाडी नंतर साताऱ्याच्या एका पोराला दिली. तो अजून पळवतो.

मग आजारपण.

शेवटच्या आठवड्यात माणसं ओळखेनात. मला ओळखायचे. एका दुपारी विचारलं, "भ्यालीस का?"

"हो," मी म्हणाले.

"मी पण."

मग आम्ही हात धरून बसलो. नर्स आली तरी सोडले नाहीत.

दिलीपराव, वर्ष गेलं. घर नीट आहे. मी नीट आहे.

भरल्या मनाने निरोप देते.

तुमची मंगल